कारखानीस मॅडम आणि मुलतानचा शिपाई

विमान डोक्यावरून जात असताना कारखानीस मॅडम बोलत नसत. द्वारकेत त्यांच्या सोसायटीवरून दर थोड्या वेळाने एक विमान उतरत जायचं, इतकं खालून की त्याची चाकं दिसायची. बाकीचे लोक आवाज चढवून आपलं बोलणं रेटत. मॅडम वाक्याच्या मधेच थांबत. हात तसाच हवेत, चेहऱ्यावर थोडा वैताग. विमान गेलं की नेमक्या त्याच शब्दापासून पुढे. नवीन माणसाला वाटायचं, बाई विसरल्या. विसरणं हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता.

मी त्यांच्याकडे इंग्रजी शिकायला जायचे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. बाबा केंद्र सरकारच्या एका कार्यालयात गाडी चालवतात आणि आम्ही आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये राहतो. माझी शाळा हिंदीत झाली. बी.ए.ला इतिहास घेतला आणि पहिल्याच महिन्यात लक्षात आलं की वर्गात सगळं इंग्रजीत चालतं आणि मी नुसती मान हलवते आहे. मॅडम आमच्याच भागातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. मराठी मंडळींच्या गणपतीत बाबांनी त्यांना गाठलं आणि विचारलं, "मुलीला इंग्रजी शिकवाल का?"

"मुलीला तोंड आहे ना? तिलाच विचारू दे की," मॅडम म्हणाल्या.

मी विचारलं. कसं विचारलं ते आठवत नाही, बहुतेक अर्धं हिंदीत. त्या म्हणाल्या, "रविवारी ये. वही आणू नको."

पहिल्या रविवारी मला वाटलं होतं, व्याकरणाचं पुस्तक निघेल. त्यांनी स्वयंपाकघरातून स्टीलचा डबा आणला. त्यात खणाच्या कापडाच्या लहान लहान पिशव्या होत्या, नाडी ओढून बंद केलेल्या. एक पिशवी उघडून त्यांनी माझ्या तळहातावर चांदीचं एक गोल, जाड पदक ठेवलं आणि म्हणाल्या, "काय दिसतं ते इंग्रजीत सांग. दहा वाक्यं."

मी म्हणाले, "It is very great."

"ग्रेट कुठे दिसतंय? बोट ठेवून दाखव."

मला दाखवता आलं नाही. मग आम्ही जे दिसत होतं त्यावर आलो. गोल आहे. एका बाजूला राणीचा चेहरा आहे. केस बांधलेले आहेत. कडेवर अक्षरं कोरली आहेत. दहा वाक्यं व्हायला सगळी सकाळ गेली. पण परत जाताना मेट्रोत मी समोरच्या बाईच्या पिशवीबद्दल, बुटांबद्दल, मोबाईलबद्दल मनात इंग्रजी वाक्यं करत होते आणि ती चुकत नव्हती.

ती पदकं कसली, हे मला हळूहळू कळलं. एकोणिसाव्या शतकात इंग्रज फौजांनी जे मोठे वेढे घातले, भरतपूरचा, मुलतानचा, आमच्या या दिल्लीचा, त्यांत लढून जिवंत राहिलेल्या सैनिकांना सरकारने नंतर चांदीची पदकं दिली. वर एक दांडी, त्यात रेशमी फीत, दांडीवर वेढ्याच्या गावाचं नाव. आणि पदकाच्या कडेवर, जिथे सहसा कोणी बघत नाही, त्या सैनिकाचं स्वतःचं नाव. मॅडमना फक्त हीच पदकं हवी असत. त्यातही साध्या शिपायांची, आपल्याकडच्या माणसांची. गोऱ्या अधिकाऱ्यांची पदकं त्या हातात घेऊन बघत आणि "छान आहे" म्हणून परत देत. एखाद्याच्या बाळाला बघून परत देतात तशी.

एकदा मी धीर करून विचारलं, "मॅडम, इंग्रजांची पदकं का जमवता? आमच्या वर्गात कळलं तर लोक हसतील."

"हसू देत. तुला काय वाटतं ते सांग."

"मला वाटतं, यांनी आपल्याच लोकांविरुद्ध लढून ती मिळवली."

"बरोबर आहे." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आत अडकलेले उपाशी मेले, बाहेर बसलेले हगवणीने मेले. उरले त्यांना चांदी. मी कोणाचा जयजयकार करत नाही, प्रज्ञा. पण अगं, या शिपायांचं नाव दुसरीकडे कुठेही नाही. ना पुस्तकात, ना दगडावर. गावातसुद्धा नाही. फक्त या एवढ्याशा कडेवर आहे. ती कड मी वाचते. बास."

वाचण्याची त्यांची तऱ्हा वेगळी होती. पदक डोळ्यांजवळ नेऊन आधी उजेडात तिरपं धरायचं, मग डोळे मिटून अंगठा कडेवरून फिरवायचा. जुनं नाव घासून दुसरं कोरलं असेल तर कड तिथे किंचित बारीक लागते. बाजारात असली पदकं पुष्कळ असतात. मॅडमच्या अंगठ्याला ती कळत. भिंग मात्र कायम जवळ असायचं आणि त्यासाठी त्या सरोजिनी नगरच्या बाजारातून पुरुषांचे शर्ट घ्यायच्या. बायकांच्या कपड्यांना धड खिसा नसतो, अशी त्यांची शिवणाऱ्या समस्त जमातीविरुद्ध तक्रार होती. एकदा मी बरोबर होते. दुकानदार म्हणाला, "आंटीजी, साहब का साइज़ बताइए." मॅडम म्हणाल्या, "साहब मैं ही हूँ. कंधा नाप लो." त्यांनी लग्न केलं नव्हतं. याबद्दल कोणी खोदून विचारलं तर म्हणत, "राहून गेलं. शनिवारी शाळा असायची."

पदकं पुसायची नाहीत, हा त्यांच्या घरातला एकमेव कडक नियम. काळी पडलेली चांदी काळीच ठेवायची. चमकवलेलं पदक कोणी दाखवलं तर त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू समोरच्याने कोणाचं तरी पत्र फाडलं आहे.

या सगळ्यात मुलतानचा शिपाई आला तो दरिब्यातून, म्हणजे जुन्या दिल्लीतल्या सराफांच्या गल्लीतून. तिथे गुप्ताजी नावाचे चांदीचे व्यापारी आहेत, मोडीत आलेली चांदी घेतात. मॅडम त्यांच्याकडे महिन्यातून एकदा जायच्या आणि पैंजण-वाट्यांच्या ढिगात हात घालून बसायच्या. "कितीला?" असं त्या कधी विचारायच्या नाहीत. "किसका है?" असं विचारायच्या. गुप्ताजी दर वेळी वैतागून म्हणायचे, "मैडमजी, चाँदी है. चाँदी किसी की नहीं होती."

त्या ढिगात हे पदक होतं. वरची दांडी कापून टाकलेली. फीत नाही, वेढ्याचं नावही गेलेलं. राणीची बाजू स्वच्छ, अगदी केसांच्या रेघा दिसाव्यात अशी. आणि मागची बाजू झिजून गेलेली. त्या बाजूला मूळचं चित्र असतं ते असं: पंजाबी सरदार शस्त्रं खाली ठेवत आहेत आणि समोर घोड्यावर बसून एक इंग्रज सेनापती ते बघतो आहे. या पदकावर घोड्याचे पाय होते, कडेची माणसं होती, स्वार मात्र नव्हता. त्याच्या जागी गुळगुळीत चांदी. पण कड शाबूत होती. कडेवर नाव होतं: शिपाई भागनाक. पुढे मुंबई फौजेतली त्याची पलटण. ती पलटण मुलतानच्या वेढ्यात होती, हे मॅडमना तोंडपाठ होतं.

दिल्लीत पदकं जमवणाऱ्यांचा एक संघ आहे. बरेचसे निवृत्त लष्करी अधिकारी, काही व्यापारी आणि बाईमाणूस एकच, कारखानीस मॅडम. वर्षातून एकदा त्यांचं प्रदर्शन भरतं. त्यांच्या नियमात लिहिलं आहे की मुद्दाम बिघडवलेली वस्तू मांडता येणार नाही. मॅडमनी भागनाकचं पदक पहिल्यांदा नेलं तेव्हा परीक्षक कर्नल भल्ला यांनी ते बघून लगेच बाजूला ठेवलं. कर्नल उंच, पांढऱ्या मिशांचे, बोलायला गोड. ते म्हणाले, "मैडमजी, ये सरेंडर का सीन है. किसी पंजाबी ने गुस्से में रगड़ दिया. सच कहूँ, मैं होता तो मैं भी रगड़ता. पर ये मेडल अब मेडल नहीं रहा." आणि मग दुसऱ्या कोणाला तरी, हळू पण ऐकू जाईल असं, "अब नज़र भी तो कमज़ोर हो रही है बेचारी की."

हे शेवटचं खरं होतं. मॅडमच्या डोळ्यांच्या मधोमध एक डाग धरत चालला होता. कडेचं दिसायचं, मधलं दिसायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे वाढत जाणार. त्या मला हसून म्हणाल्या होत्या, "म्हणजे पदकाच्या कडा मला शेवटपर्यंत दिसतील. चेहरे जातील." पण त्या दिवशी प्रदर्शनातून परत येताना त्या हसल्या नाहीत. मेट्रोत खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. उतरताना म्हणाल्या, "तो म्हणतो ते चूक आहे असं मला वाटतं. पण वाटतं, एवढंच. दाखवता येत नाही." मला माझा पहिला रविवार आठवला.

वर्षभर ते पदक त्यांच्या टेबलावर होतं. त्यांनी त्याच्यावर दिवा धरला, भिंग धरलं, मला बघायला लावलं. मी म्हणायचे, "ओरखडे नाहीत, मॅडम." त्या म्हणायच्या, "मग रागाने कसं घासलं? रागाला ओरखडे हवेत."

नवरात्राच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. "प्रज्ञा, येतेस का? यायलाच हवं असं नाही. पण ये."

त्यांच्या देवघरात चांदीचे टाक आहेत. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली देवाची छोटी प्रतिमा. कुलदैवताचा टाक असतो आणि पुष्कळ घरांत लढाईत गेलेल्या पूर्वजाचाही असतो, वीराचा टाक, घोड्यावर बसलेला. हे मी त्या दिवशी शिकले, कारण आमच्या घरात असलं काही नाही. नवरात्रापूर्वी टाक उजळतात. मॅडम देवभोळ्या नव्हत्या, पण आईने करायला सांगितलं होतं म्हणून वर्षातून एकदा टाक घासायच्या, गंध लावायच्या आणि परत ठेवायच्या. पदकं न पुसणारी बाई देव पुसायची, याची त्यांना स्वतःलाच गंमत वाटायची.

मी पोचले तेव्हा त्या जमिनीवर पाट घेऊन बसल्या होत्या. समोर ताम्हनात टाक. त्या म्हणाल्या, "डोळ्यांनी आता दिसत नाही म्हणून मी बोटाने चाचपून गंध लावत होते. हा आमचा वीर. बघ. नाही, बघू नको, बोट ठेव. ही करंगळीजवळची, अनामिका. देवाला गंध याच बोटाने लावतात."

मी बोट ठेवलं. घोडेस्वाराच्या जागी एक उथळ खळगा होता. बोटाचं टोक त्यात बसलं.

"आता हे." त्यांनी भागनाकचं पदक पुढे केलं, घोड्याची बाजू वर करून.

मी डोळे मिटले आणि बोट ठेवलं. तसाच खळगा, त्याच जागी. बोट आपोआप खालून वर सरकलं, कारण चांदीच तशी झिजली होती.

विमान आलं. आम्ही दोघी गप्प बसलो. ते गेल्यावर त्या म्हणाल्या, "याची पूजा झालीय, प्रज्ञा. शंभर वर्षं तरी कोणीतरी रोज सकाळी याला गंध लावलंय. म्हणून दांडी कापली, देव्हाऱ्यात आडवं राहावं म्हणून. म्हणून राणी कोरी. ती कापडावर पालथी पडून होती, अंधारात. आणि कडेच्या नक्षीत जे पिवळट अडकलंय ना, त्याला मी वर्षभर गंज समजत होते. भंडारा आहे तो. हळद." मग एकदम हसायला लागल्या. "पायदळातला शिपाई गं तो. घरच्यांनी त्याला घोडा दिला."

संध्याकाळी बाबा मला न्यायला आले. ते नेहमी खाली गेटपाशी थांबायचे. मॅडमनी गॅलरीतून हाक मारली, "अहो जाधव, वर या. खाली कसली राखण करताय?"

बाबा वर आले, खुर्चीच्या टोकावर बसले. मॅडमनी पदक त्यांच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. कडेवरचं नावही सांगितलं. बाबांनी मान वर केली. नावापुढे 'नाक' लागायचं ते महारांच्या. आम्ही त्याच समाजातले. हे मॅडमना माहीत होतं आणि बाबांना माहीत होतं की मॅडमना माहीत आहे. मला उगाचच पाणी आणायला उठावंसं वाटलं.

मॅडमनी सरळच विचारलं, "तुमच्याकडे टाक होते का कधी?"

"होते म्हणतात," बाबा म्हणाले. "आमच्या आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा देव्हाऱ्यातलं सगळं नदीला दिलं. वस्तीत सगळ्यांनीच दिलं. काहींनी सोनारालाही दिलं असेल. चांदी होती, पोरंबाळं होती."

"मग हाही तसाच बाहेर पडला असेल?"

"असेल. नसेलही. मी कसं सांगू, मॅडम."

"मीही नाही सांगणार," त्या म्हणाल्या. "जेवढं बोटाला लागतं तेवढंच सांगणार."

निघताना त्यांनी मला दारात थांबवलं. "या वेळी मी टेबलावर फक्त याला नेणार आहे. बाकी एकही नाही. तो बाहेर राहिला तर मीही संघातून बाहेर. त्याला दाराबाहेर ठेवून मी आत चहा पिणार नाही. आणि पुढच्या वर्षी मला किती दिसेल कोणाला ठाऊक."

प्रदर्शन हिवाळ्यात होतं. हॉलमध्ये लांब टेबलं, निळे कोट, मफलर, चहाच्या मोठ्या भांड्याचा वास. प्रत्येक टेबलावर पदकांच्या रांगा चमकत होत्या. आमच्या टेबलावर खणाचा एक तुकडा होता आणि त्यावर एकच काळपट पदक. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी वाकून बघितलं आणि विचारलं, "बाकी सामान रास्ते में है?"

"सब आ गया है," मॅडम म्हणाल्या. त्यांनी नवा शर्ट घातला होता, वर शाल.

कर्नल भल्ला आले. पदक बघून त्यांनी एक श्वास सोडला. "मैडमजी. फिर वही?"

"जी, वही. या तो ये लगेगा, या मैं भी नहीं."

"अहो, तुम्ही तर वेढाच घालायला निघालात," असं मागून कोणीतरी मराठीत म्हटलं. एक-दोन जण हसले. मॅडमनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"कर्नल साहब, पिछली बार आपने देखा था. आज देखिए मत. आँखें बंद कीजिए."

"ये क्या बात हुई?"

"बस दो मिनट. दाहिना हाथ दीजिए. अँगूठा नहीं. जिस उँगली से आप टीका लगाते हैं, वो."

कर्नलनी आजूबाजूला बघितलं. लोक जमायला लागले होते. त्यांनी डोळे मिटले आणि अनामिका पुढे केली, लहान मुलासारखी. मॅडमनी त्यांचं बोट धरून पदकावर ठेवलं. त्यांना स्वतःला ते पदक नीट दिसत नव्हतं. पण बोट चुकलं नाही.

कर्नलचा चेहरा मी अगदी जवळून बघितला. आधी त्यावर सभ्य कंटाळा होता. मग कपाळावर एक आठी आली. बोट जरासं वर सरकलं, परत खाली आलं, परत वर गेलं.

"ये तो बैठ गई," ते म्हणाले.

"रेती से रगड़ो तो वो सीधी चलती है," मॅडम म्हणाल्या. "खरोंच छोड़ती है. उँगली घर बनाती है. आपका गुस्सा मैं समझती हूँ, कर्नल साहब. पर ये गुस्सा नहीं है. ये रोज़ सुबह का काम है."

मग त्यांनी आपल्या घरचा वीराचा टाक पिशवीतून काढला आणि शेजारी ठेवला. टाक म्हणजे काय, दांडी का कापली, राणी कोरी का राहिली, हळद कुठे अडकली आहे, सगळं सांगितलं. शाळेत शिकवावं तसं, न घाई करता. लोक एकेक करून बोट ठेवायला लागले. एका तरुण व्यापाऱ्याने आधी अंगठा ठेवला, मग लाजून अनामिका ठेवली. कोणीतरी विचारलं, "मतलब अंग्रेज़ जनरल की पूजा होती रही?" हॉलमध्ये हशा पिकला. मॅडमही हसल्या.

"जनरल को गाँव में कौन पहचानता था? घर का आदमी लड़ाई पर गया था. चाँदी पर घोड़ा दिखा, तो समझे हमारा ही होगा."

"फिर बेचा क्यों?" कर्नलनी विचारलं. त्यांच्या आवाजात आता परीक्षक नव्हता.

"वो मुझे नहीं मालूम," मॅडम म्हणाल्या. "जो मालूम नहीं, वो मैं कार्ड पर नहीं लिखूँगी."

परीक्षकांची मंडळी चहाच्या भांड्यापाशी जाऊन बोलत उभी राहिली. मॅडम खुर्चीवर बसल्या. त्यांनी माझा हात धरला होता आणि तो त्यांना वाटत असेल त्याहून घट्ट धरला होता. त्यांना तिकडचं काही दिसत नव्हतं. त्या मला सारखं विचारत होत्या, "काय करतायत?" मी सांगत होते, "कर्नल बोलतायत. एक जण मान हलवतोय. आडवी. नाही, आता उभी. कर्नल पेन मागतायत."

कर्नल परत आले ते कोरं कार्ड घेऊन. ते टेबलावर वाकले आणि म्हणाले, "मैडमजी, बोलिए. क्या लिखना है?"

मॅडम उभ्या राहिल्या. त्यांनी इंग्रजीत सांगितलं आणि कर्नलनी मोठ्या अक्षरांत लिहिलं: शिपाई भागनाक, मुंबई फौज, मुलतानचा वेढा. पूजेने झिजलेलं. कर्नलनी ते कार्ड स्वतःच्या हाताने नेऊन दाराजवळच्या काचेच्या कपाटात, मधल्या फळीवर ठेवलं आणि शेजारी पदक ठेवलं, घोड्याची बाजू वर. तिथे आधी त्यांचं स्वतःचं एक पदक होतं. ते त्यांनी उचलून खिशात घातलं. कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मग सगळा हॉल वाजवायला लागला. मॅडमनी शाल सारखी केली. "पुरे आता," त्या मला म्हणाल्या, "यांना सांग, पुरे." पण मी सांगितलं नाही.

बाबा दुपारी आले, ड्यूटीच्या पांढऱ्या कपड्यांतच. कपाटासमोर बराच वेळ हात मागे बांधून उभे राहिले. त्यांनी पदकाला हात लावला नाही, नमस्कारही केला नाही. कार्डावरचं नाव मात्र मोठ्याने वाचलं. इंग्रजी अक्षरं, सावकाश, एकेक जुळवत. मग मॅडमकडे वळून म्हणाले, "बरं झालं, मॅडम. देव होता तोवर त्याचं नाव कोणी घेत नव्हतं."

मॅडमनी नुसता बाबांच्या बाहीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

त्यानंतर माझं शेवटचं वर्ष सुरू झालं, रविवार कमी होत गेले. मॅडमनी पुण्याला भावाकडे जायचं ठरवलं होतं, कारण आता एकटीने राहणं जमत नव्हतं. जाण्याआधी त्या संघाच्या आणखी एका बैठकीला गेल्या. मी त्यांना न्यायला म्हणून जरा लवकरच पोचले आणि दारातच थांबले.

मॅडम एका खुर्चीवर बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर रांग होती. निवृत्त ब्रिगेडियर, कॅप्टन, व्यापारी, सगळे आपापल्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन उभे. इतकी वर्षं लाज वाटून कपाटाच्या तळाशी ठेवलेली पदकं त्यांनी आणली होती. वाकलेली, भोकं पाडलेली, घासलेली, गळ्यात घालायला कडी जोडलेली. कर्नल भल्ला रांग सांभाळत होते. "लाइन से, भाई, लाइन से. मैडम कहीं भागी नहीं जा रहीं." मॅडम डोळे मिटून एकेक हातात घेत होत्या. कोणाला सांगत होत्या, हे बाईने गळ्यात घातलेलं दिसतं, भोक वरच्या बाजूला आहे बघा. कोणाला, हे पोराने दातांनी चावलंय. माणसं ऐकून हसत होती आणि पदक परत घेताना ते आधीपेक्षा जपून धरत होती.

सगळ्यांत शेवटी कर्नलनी आपल्या खिशातून एक पुडी काढली. "मेरे नाना के घर से निकला था," ते म्हणाले. "दिखाया नहीं कभी किसी को."

मॅडमनी ते घेतलं. घोड्याची बाजू वर केली आणि अनामिका ठेवली. मग ती उचलून अंगठा ठेवला. बराच वेळ अंगठा आडवा फिरवत राहिल्या.

"कर्नल साहब," त्या म्हणाल्या, "ये सचमुच रेती से रगड़ा हुआ है. किसी ने बहुत गुस्से में रगड़ा है."

कर्नलनी मान खाली घातली.

"तो सँभालकर रखिए," मॅडम म्हणाल्या आणि पदक त्यांच्या तळहातावर ठेवून त्यांची बोटं आपल्या हाताने मिटली. "कार्ड लाइए. मैं बोलती हूँ, आप लिखिए."